पिठीचं बिऱ्हाड

“पेट फ्रेंडली म्हणजे गो काय?” आईने विचारलं.

मी मोबाइलवरच्या जाहिराती मोठ्याने वाचत होते. वन बीएचके, सेमी फर्निश्ड, चोवीस तास पाणी, पेट फ्रेंडली. आई सुपात कुळीथ घेऊन बसली होती. मी उत्तर देईपर्यंत तिने हिंदी सिरियलींच्या जोरावर स्वतःच अर्थ लावून टाकला. “प्वाटाचा कायतरी असतला. बाजूक खानावळ असतली.” कुत्रं-मांजर असलं तरी चालेल असं घर, असं मी सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. “चलतला म्हणजे? घरात माजर नसला तर उंदीर कोण धरता? मालक?”

मी हसले. पुढे तीन महिने घर शोधताना हा प्रश्न अधूनमधून आठवत राहिला आणि हळूहळू हसू येईनासं झालं.

आमचं घर बांद्याच्या बाजारात. पुढे दुकान, मागे घर, त्याच्या मागे परस, आणि परसाच्या पलीकडे थोडं चाललं की तेरेखोल नदी. अशा घरात कुठला प्राणी कुठवर येणार याच्या हद्दी ठरलेल्या असतात. आजीच्या वेळी गाय होती, ती गोठ्यापर्यंत. कोंबड्या न्हाणीच्या मागे. कुत्रा दुकानाच्या पायरीपर्यंत. तो नक्की कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हतं, शिळी भाकरी चार घरांतून यायची आणि भुंकणं मात्र आमच्या पायरीवरून व्हायचं. मांजर सगळीकडे, फक्त देवघर सोडून; तेही आईचं लक्ष असेपर्यंत. मांजर पाळलंय असं आमच्याकडे कोणी म्हणत नसे. मांजर असतं. तांदळाची पोती असतात, उंदीर असतात, तसं मांजर.

पिठी मात्र नुसती ‘असलेली’ नाही. ती आली त्याची तारीख सांगता येते. २०१९च्या ऑगस्टमध्ये तेरेखोलचं पाणी बाजारात शिरलं. बांद्याला पूर नवा नाही. पाणी येणार म्हटलं की दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवतात आणि मग नदीकडे बघत बसतात. त्या वर्षी वरची फळीही पुरली नाही. आम्ही माळ्यावर चढलो: बाबा, आई, मी, गॅसची शेगडी, तांदळाची दोन पोती आणि देव्हाऱ्यातले सगळे देव एका स्टीलच्या डब्यात. वर जाऊन बघतो तर आमच्याआधीच एक बिऱ्हाड येऊन राहिलेलं. कोणाची तरी मांजरी तीन पिल्लं घेऊन जुन्या टेबलफॅनच्या खोक्यात बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, आम्ही तिच्याकडे. आईने दुधाची पावडर कालवली, पहिली वाटी तिला दिली आणि मग आमचा चहा टाकला.

पाणी ओसरल्यावर मांजरीने दोन पिल्लं मानेला धरून नेली. तिसऱ्यासाठी ती परत आलीच नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात; या पिल्लाच्या वाट्याला एकच घर आलं. रंग कुळथाच्या पिठीचा, म्हणून पिठी. त्या पुराची चिखलाची रेघ माजघराच्या भिंतीवर अजून आहे. बाबांनी ती रंगवू दिलेली नाही. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा ते माळ्यावरून एवढंच विचारत होते, “रेघेच्या खाली असा का वर?” रेघेच्या शेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर, पिठीने नखं घासून घासून दाराच्या चौकटीचं लाकूड पांढरं केलंय. तिथे हात लावला तर शहाळ्याच्या सालीसारखं दशी-दशी लागतं.

तर मी घर सोडायचं ठरवलं ते नोकरीसाठी. बांद्यातून रोज सकाळी गोव्याकडे जाणाऱ्या स्कूटरी मोजायला बसलं तर चहा थंड होईल. पत्रादेवीला सीमा ओलांडायची, धारगळ मागे टाकायचं, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी. औषधांचे कारखाने, हॉटेलं, दुकानं. २०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तिकडे जाणाऱ्यांची आणखी भर पडली. माझी प्रयोगशाळा पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत. दिवसपाळीला तक्रार नव्हती. रात्रपाळी लागली, पावसाळा आला, आणि ट्रकच्या चाकांनी उडवलेलं पाणी हेल्मेटच्या काचेवर घेत घरी पोचण्याचा मला कंटाळा आला. म्हापशात खोली घ्यायची आणि पिठीला न्यायचं. का न्यायचं, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नव्हतं.

निघण्याआधी बाबांनी गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला, शेजारचे काका आले. “बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेक परमुलखात बिऱ्हाड करूक जाता…” “व्हय म्हाराजा!” परमुलूख म्हणजे म्हापसा, स्कूटरवरून तासाभराच्या आत. “तिका बरी जागा मिळांदे…” “व्हय म्हाराजा!” “आनी हेच्याबरोबर ह्या मुक्या जनावराकय थारो दी रे म्हाराजा!” यावेळचं ‘व्हय म्हाराजा’ काकांनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं, कारण पिठी त्यांच्या सुक्या बांगड्यांवर डोळा ठेवून असायची. आमच्याकडे जागेला मालक असतो तसा राखणदारही असतो. म्हापशाचा राखणदार बोडगेश्वर. राखणदाराला नारळ पुरतो. मालकाला दोन महिन्यांचं डिपॉझिट लागतं, आणि मधल्या एजंटाला एका महिन्याचं भाडं.

पहिला एजंट फोनवर म्हणाला, “तुमी कितले जाण?” मी म्हटलं, दोघी. “सिस्टर?” नाही, मांजर. यानंतर जी शांतता पसरते ती मला नंतर पाठ झाली. काहीजण हसतात. काहीजण ओनरला विचारून सांगतो म्हणतात, आणि त्या ओनरला विचारणं आजतागायत चालू असेल. एक म्हणाला, “ताई, लहान मूल आहे सांगा ना. त्यालाही नाही म्हणतात, पण विचार करून म्हणतात.”

आधी दोन वर्षं मी पुण्यात काढली होती, शिकायला. तिथे घर शोधताना कोणी मांजराचं विचारलं नाही, कारण मांजर नव्हतं. तिथला पहिला प्रश्न वेगळा होता: नॉनव्हेज खाता का? मालवणी आडनाव ऐकलं की समोरच्याच्या नाकाला फोनवरूनच वास यायचा. “अंडं चालेल, मासे नकोत,” असं एक मालकीणबाई फार प्रेमाने म्हणाल्या होत्या. म्हापशात उलट. मासळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एका मालकाने तर शुक्रवारच्या बाजारात खारवलेलं नुस्तं कुठे चांगलं मिळतं ते नकाशा काढल्यासारखं समजावलं आणि लगेच दुसऱ्या वाक्यात मांजराला नकार दिला. मासे चालतात, ते खाणारं माणूस चालतं, ते खाणारं मांजर चालत नाही. का, तर सोफा.

सोफा हा या गोष्टीतला खरा खलनायक आहे. घर फर्निश्ड असलं की भाडं वाढतं, म्हणून मालक कुठून तरी एक सोफा आणून ठेवतो. मग त्या सोफ्याचं रक्षण सुरू होतं. खोर्लीतल्या एका फ्लॅटमधल्या सोफ्यावर प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं. बसल्यावर करकर वाजलं. मालक म्हणाले, काढू नका. त्यांच्या मागच्या भिंतीवर दत्ताची तसबीर होती, मागे गाय, पायाशी चार कुत्रे. टेंबे स्वामींचं माणगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे दत्ताच्या तसबिरी पाहतच मी वाढले. कुत्रे मोजायची सवय लहानपणापासूनची. मी त्यांच्याकडे बघतेय हे मालकांनी ओळखलं. अगदी शांतपणे म्हणाले, “ते देवाचे. त्यांना सोसायटीची एनओसी लागत नाही.” माणूस बेरकी होता. घर नाही मिळालं, पण त्याचा राग काही आला नाही.

‘पेट फ्रेंडली’ लिहिलेली घरं नव्हती असं नाही. आसगाव, शिवोलीकडे होती: पोर्तुगीज धाटणीचा बंगला, आंब्याची सावली, मांजराला हवा तेवढा कौलांचा माळ. पण ती दिल्ली-बंगळूरहून कुत्र्यांसकट येऊन राहणाऱ्यांसाठी. भाडं ऐकून मी एजंटला म्हटलं, एवढ्या पैशांत मांजराने मलाच पाळायला हवं.

पाळणं. मराठीत हे क्रियापद फार राबतं. आपण नियम पाळतो, वचन पाळतो, सुतक पाळतो आणि जनावरंही पाळतो. एका सोसायटीच्या फाटकावर एकाखाली एक पाट्या होत्या: ‘नियम पाळा’, ‘प्राणी पाळू नयेत’, आणि त्याखाली कॅमेऱ्याचं चित्र, म्हणजे पाळत. सगळं एकाच धातूचं गोत असावं. इंग्रजीतला ‘पेट’ लाडाचा आहे. आपल्या ‘पाळीव’मध्ये लाड कमी आणि जबाबदारी जास्त: पाळलं म्हणजे त्याचं खाणं-पिणं आपल्याकडे, त्याने शेजाऱ्याचा बांगडा पळवला तर भांडणही आपल्याकडे.

त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी कायदा दाखवायला गेले. तरुणपणी माणूस हे एकदा तरी करतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक आहे. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वांनी मिळून ठराव केला तरी नाही. लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. राज्यघटनेच्या ५१-अ कलमात तर प्राणिमात्रांवर दया हे नागरिकाचं कर्तव्यच म्हटलंय. सेक्रेटरींनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “बरोबर आहे. सोसायटी बंदी घालतच नाही. मालकच तुम्हाला घर देत नाही.” यात मात्र ते चुकले नव्हते. सोसायटीचे हात कायद्याने थोडे तरी बांधलेत. भाड्याने देणाऱ्या मालकाला ‘नाही’ म्हणायला कारणसुद्धा लागत नाही.

आणि हो म्हणणाऱ्याच्याही हातात कागद असतो. अकरा महिन्यांचा करार. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो, म्हणून सगळा देश अकरा महिन्यांचं वर्ष जगतो. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत हवा, तरीही अकराची सवय सुटली नाही. त्या करारातली कलमं मी इतक्यांदा वाचली की त्यांचा सूर ओळखीचा झाला. भिंतीला खिळा मारू नये. रंग खराब करू नये. धूर, वास, आवाज करू नये. प्राणी ठेवू नये. घर घेतलं तसं परत द्यावं. मला आमच्या घरातली चिखलाची रेघ आठवायची, चौकटीवरचं ते दशी-दशी लाकूड, माझी उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा. या कराराने राहिलो असतो तर बाबांचं डिपॉझिट कधीच बुडालं असतं.

घर शोधायच्या या दिवसांत मी पिठीला बांद्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं, कारण एका एजंटाने लशीचा दाखला मागितला होता. रजिस्टरमधले रकाने गाई-म्हशींसाठी आखलेले. ‘जात’ या रकान्यात कंपाउंडरने जरा थांबून ‘देशी’ लिहिलं, ‘दूध’च्या रकान्यात आडवी रेघ मारली. पलीकडे गोव्यात या बाबतीत फार काम झालंय. मिशन रेबीजवाले जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरतात, वर्षाला लाखभर कुत्र्यांना लस टोचतात आणि टोचलेल्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात. २०२१मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. म्हापशात घर बघत फिरताना असे रंगीत कपाळाचे कुत्रे जागोजागी दिसायचे. टिळा लावून वरातीतून परत आल्यासारखे. त्यांची कागदपत्रं पूर्ण होती. राहायला रस्ता होता.

जनावरांना जागा असावी की नसावी यावर आपल्याकडे दंगलही झालेली आहे, हे मला आजोबांच्या गोष्टीमुळे कळलं. आजोबा गिरगावात चाकरमानी. एका खोलीत गावचे पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यात एक बोका, ज्याला झोपायला पाळी लागत नसे. त्यांच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर भुलेश्वरला पांजरपोळ. त्या पांजरपोळाच्या मागे मुंबईचे कुत्रे आहेत. कंपनी सरकारने मोकाट कुत्रे मारायचा हुकूम काढला होता, शिपायाला कुत्र्यामागे आठ आणे. जून १८३२मध्ये फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद, शिपायांना मार. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभं राहिलं. आजोबा तिथे सुट्टीच्या दिवशी गाई बघायला जायचे. बांद्याला गाय ठेवून मुंबईत गाय बघायला जाणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

घर शेवटी अन्साभाटात मिळालं, एजंटाशिवाय. बाजारात पोई घेता घेता पोईवाल्याशी बोलणं निघालं आणि त्याने एका आंटीचं नाव सांगितलं. जुनं घर, खाली आंटी एकटी, वर दोन खोल्या आणि लाकडी जिना. सोफा नव्हता. मी पहिल्या वाक्यातच मांजराचं सांगून टाकलं. तोपर्यंत लपवण्याची हौस फिटली होती. आंटीने पिठीचा फोटो मागितला. चष्मा लावून निरखून पाहिला, जसा स्थळाचा बघतात. “उंदीर धरता मू?” धरते म्हटलं. “जाल्यार येयात.” डिपॉझिट एका महिन्याचं. करार वगैरे काही नाही. एका वहीत माझं नाव आणि तारीख.

आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीत पिठीला घालून, स्कूटरच्या पुढ्यात सुतळीने बांधून नेलं. पूर्ण रस्ता ती एका पट्टीत ओरडत होती. फळ्यांच्या फटीतून एक पंजा बाहेर येऊन माझ्या गुडघ्याला धरून राहिला होता.

पहिले दोन दिवस ती पेटीतून बाहेर आली नाही. मग आली आणि खिडकीत बसली. खिडकी उत्तरेकडची. उत्तरेकडे बांदा, हे तिला कळत होतं असं मी म्हणणार नाही. मला कळत होतं एवढं खरं. खाणं नावापुरतं. बांगड्याचं डोकं समोर ठेवलं तर हुंगून मागे सरायची. रात्री मी कामावर, ती घरात. सकाळी मी झोपायची, ती जागी. आंटीच्या स्वयंपाकघरात उंदीर खुशाल फिरत होते आणि त्यांच्याकडे ती वरच्या पायरीवरून परकेपणाने बघायची. आंटी रोज खालून विचारायची, “धरलो?” मी म्हणायची, रुळतेय अजून.

कुत्रा माणसाचा, मांजर घराचं, असं आजी म्हणायची. लहानपणी मला हा मांजराचा अपमान वाटायचा. आठव्या रात्री, प्रयोगशाळेत मशीनचे आकडे उतरवता उतरवता, मला ती न विचारलेली गोष्ट आठवली: हिला का आणलं? तीन महिने मी लोकांना सांगत होते की मांजरासाठी घर बघतेय. मांजराला घर होतं. पोती होती, माळा होता, चौकट होती, काकांचे बांगडे होते. ओळखीचं काहीतरी जवळ हवं होतं ते मला.

नवव्या दिवशी पाळी संपल्यावर रात्रीच निघाले. त्याच पेटीत, त्याच सुतळीने. बांद्याच्या अलीकडे गाड्या तपासायला पोलीस उभे होते. गोव्याकडून येणाऱ्या गाडीत त्यांना एकच वस्तू शोधायची असते, आणि रात्री दीड वाजता एकटी बाई स्कूटरच्या पुढ्यात लाकडी पेटी बांधून आली की त्यांना ती सापडलीच म्हणायची.

“पेटीत काय असा?”

“माजर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वाकून फटीतून टॉर्च मारला. आतून दोन हिरवे दिवे लागले. तो दचकून मागे झाला, दुसरा हसला.

“गोव्याचा?”

“नाय, बांद्याचा. भाड्यान गेल्ला.”

“मग मानवला नाय?”

“नाय.”

“जावा,” तो म्हणाला, आणि पेटीची सुटत आलेली सुतळी त्याने स्वतः आवळून दिली.

घरी पेटी उघडली तर ती माझ्याकडे न बघता सरळ चौकटीपाशी गेली आणि नखं घासू लागली. आईने लाइट न लावताच विचारलं, “इला?” मी आले का असं विचारलं असतं तर “इलंस?” म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिकामी पेटी न घेता म्हापशाला परतले. आंटी दारातच होती. मांजराला घरी सोडून आले म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मला वाटलं, तिला पिठीचा लळा लागला असेल. तसं म्हणायला मी तोंड उघडणार होते.

“बाय,” ती म्हणाली, “घर हांवें तुका न्ही, माजराक दिल्लें.”

पुढच्या शुक्रवारी तिने बाजारातून उंदरांचा पिंजरा आणला आणि त्याचे पैसे माझ्या भाड्यात लावले.